गणपती मंडळाची शिल्लक चर्चच्या रुग्णसेवेला द्यावी का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. प्रश्न जरा नाजूक आहे, पण इथे मोकळेपणी बोलता येतं म्हणून मांडतोय.

आमचं गणपती मंडळ लहान आहे. जुळे सोलापुरातली एक कॉलनी, घरटी ठरलेली वर्गणी. यंदा डॉल्बीला फाटा दिला, मिरवणूक लेझमावर काढली आणि सगळा खर्च जाऊन बावीस हजारांच्या आसपास उरले. ते चांगल्या कामाला द्यायचे इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे गाडी अडली.

एका सभासदाने सुचवलं की शहरातल्या एका जुन्या चर्चची माणसं सिव्हिलमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करतात, त्यांना द्यावेत. दुपारचं जेवण, रात्रीचं अंथरूण-पांघरूण आणि मुख्य म्हणजे कागदपत्रांची धावपळ. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, त्यांना बाहेरून पैसा येतो, आपण कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, बाप्पाच्या नावाने गोळा केलेलं चर्चला देणं बरं दिसत नाही. माझं मन देण्याकडे झुकतंय, पण लोकांच्या वर्गणीचे पैसे आहेत, ऐकीव माहितीवर द्यायचे नाहीत. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. चर्चचं नाव मुद्दाम देत नाही, गाजावाजा नको असं त्यांचंच म्हणणं आहे. माहीत असलं तरी कुणी लिहू नका.

बाळीवेस

अक्कलकोटला अन्नछत्र आहे, पंढरपूरला मठ आहेत. तिकडे द्या, कुणाचं काही म्हणणं राहणार नाही. साधा विषय आहे, उगाच ताणू नका.

जुळे_सोलापूरकर

@बाळीवेस, तो पर्याय बैठकीत आला होता. तिथे देणाऱ्यांची रांग आहे, आपल्या बावीस हजारांनी काय फरक पडणार, असं बहुतेकांचं मत पडलं.

सात_रस्ता

मी पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो. माझे सासरे मंगळवेढ्याकडचे. पॅरालिसिसचा झटका आला आणि आम्ही त्यांना इथे आणलं. सिव्हिलची गर्दी काही फक्त सोलापूरची नसते. तुळजापूर, उमरगा, धाराशिव इकडचे लोक असतात, सीमेपलीकडून इंडी, अफजलपूर, विजयपूरचे असतात. रुग्णाला खाट मिळते, जेवण मिळतं. सोबत आलेल्याचं काय? खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे, आणि कित्येकांना मराठी येत नाही.

ही मंडळी दुपारी येतात. दोन मोठे स्टीलचे डबे, एकात भात, एकात आमटी, आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. पण माझ्या लक्षात राहिली ती वही. दुकानात उधारी लिहायला असते तसली, लांब, कापडी बांधणीची. रकाने आखलेले: वॉर्ड, खाट, गाव, सोबत कोण, भाषा आणि शेवटचा रुंद रकाना, 'काय अडलंय'. वही सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना मावशी म्हणतात. भाषेच्या रकान्यात नुसतं एक अक्षर. 'क' असेल तर कानडी बोलणारा पोरगा त्या खाटेकडे जायचा. 'ते' असेल तर शहराच्या पूर्वभागातली एक विडी कामगार बाई, घरी तेलुगूच बोलणारी.

सासऱ्यांच्या नावापुढे 'काय अडलंय' मध्ये लिहिलं होतं: रेशनकार्ड गावी, नाव जुळत नाही. आधारवर पूर्ण नाव आणि कार्डावर घरी हाक मारतात ते. महात्मा फुले योजनेत उपचार होतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्याला रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं, दोन्हीकडची नावं जुळावी लागतात आणि वेळेत आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) टेबलाशी जाऊन उभं राहावं लागतं. मावशींनी माझ्या मेहुण्याला फोनवर सांगितलं, कार्डाच्या कोणत्या पानाचा फोटो काढ, तहसीलला गेलास की नेमकं काय माग, कुणाची सही घे. कार्ड एसटीने आलं. तोवर टेबलाशी त्याच बोलत होत्या, त्यांना तिथले सगळे ओळखतात. जेवण कुणीही देतं हो. हे कोण करतं?

प्रार्थनेचं विचाराल म्हणून तेही सांगतो. जाताना म्हणाल्या, "रविवारी आम्ही यांच्यासाठी प्रार्थना करू, चालेल ना?" सासूबाई म्हणाल्या, "करा की बाई. मी विठोबाला सांगितलंच आहे." विषय तिथेच संपला.

काय_बे

आमच्या गल्लीतलं पोरगं जातंय की बे तिथं. कानडी, तेलुगू, मराठी, दखनी सगळं फाडफाड. दहावीला इंग्रजीत गचकलं होतं, आता पेशंटला काय होलालंय ते डॉक्टरला समजावून सांगलालंय. 😀

सीना_काठ

काम चांगलं आहे, मान्य. पण स्पष्टच विचारतो. घरात आजारपण असलं की माणूस सगळ्यात हळवा असतो, नेमकं तेव्हाच प्रार्थनेचं का काढायचं? यांच्या सासूबाई खमक्या निघाल्या. एखादी घाबरलेली, एकटी बाई असेल तर ती 'नको' म्हणू शकेल का? इतिहासही बघा. दुष्काळात मिशनने पोरं सांभाळली आणि ती पुढे ख्रिस्ती झाली, हे मी रचून सांगत नाही.

दप्तर

@सीना_काठ, इतिहास काढलाच आहे तर पुरा काढू. अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं आधी अहमदनगरला होतं, सोलापुरात ते १८६० च्या दशकात आलं. त्यानंतर १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. अनाथ पोरं मिशनच्या आसऱ्याला गेली, त्यातली बरीच ख्रिस्ती झाली. हे खरंच आहे.

पण तेव्हा त्या पोरांसाठी दुसरी दारं किती उघडी होती? पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासून टाकून दिलेली मुलं सांभाळत होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आपल्याच रेल्वे लाईनवर, केडगावला, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणून मुक्ती मिशन उभं केलं. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला. आपल्याकडची माणसं पुढे कुर्डुवाडीहून छोट्या गाडीने पार मिरजेपर्यंत ऑपरेशनला जायची. आमच्या घरातून दोघं जाऊन आली. दोघंही आयुष्यभर वारी करत राहिली.

आपल्या गावात मुलींची वोरोनोको शाळाही मिशनचीच. तिथे शिकलेल्यांची आडनावं वाचून बघा, सगळं सोलापूर सापडेल.  

तारेच्या_आतला

सेटलमेंटचं नाव कुणीच काढेना म्हणून मी काढतो. मी तिथला.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याखाली पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट, सगळे आत. कुंपणातून गिरणीत, गिरणीतून कुंपणात, आणि हजेरी. त्या वसाहतीचा कारभार बरीच वर्षं अमेरिकन मिशनकडे होता. म्हणजे आमच्या आजोबांना शाळा दिली ती मिशनने आणि हजेरी घेतली तीही मिशनच्याच माणसांनी. आजोबा दोन्ही एका दमात सांगायचे. मास्तरांबद्दल चांगलं बोलायचे, पाळकसाहेबांबद्दलही. पण भावकीतल्या लग्नाला बाहेर जायचं तर चिठ्ठी मागावी लागायची, त्याचा राग शेवटपर्यंत गेला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. मागून सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच, ते सोडा.

हे सांगायचं कारण असं. दान देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात कुलपाची चावी असेल तर त्या दानाला काही अर्थ राहत नाही, घेणारा नाही म्हणूच शकत नाही. आज ही मंडळी वॉर्डात जातात तेव्हा त्यांच्या हातात काय आहे? खाट देणं नाही, औषध नाही, डिस्चार्ज नाही. त्यांना 'नको' म्हटलं तर रुग्णाचं काही बिघडत नाही, उपचार चालूच राहतात. माझ्याकडे मोजायला एवढंच माप आहे आणि त्यात हे काम बसतं. प्रार्थनेचं विचारतात ते मलाही आवडत नाही. पण विचारतात तरी. आजोबांना कुणी काही विचारलं नव्हतं.

सीना_काठ

@तारेच्या_आतला, पटलं. तरीही वॉर्डात तो विषय नको, या मतावर मी आहे.

खतावणी

जरा व्यवहाराचं बोलू. हिशोब तपासणं हाच माझा धंदा आहे.

आधी तुमच्या मंडळाचं. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी लागते आणि उत्सवानंतर हिशोब द्यावा लागतो. ती घेतली होती ना? अर्जात कारण काय लिहिलंय ते काढून बघा. 'गणेशोत्सव व सामाजिक उपक्रम' असेल तर रुग्णसेवेला देण्यात अडचण येऊ नये. नुसतं 'गणेशोत्सव' असेल तर आधी कार्यालयात विचारून घ्या. बैठकीचा ठराव लिहा, सह्या घ्या. रोख अजिबात देऊ नका.

आता 'त्यांना बाहेरून पैसा येतो' हे पालुपद. परदेशी देणग्यांना एफसीआरए हा २०१० चा कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरवावा लागतो. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि सगळ्यात मोठा फटका म्हणजे एका संस्थेने आणलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. पूर्वी मोठ्या शहरातली मोठी संस्था निधी आणायची आणि गावोगावच्या लहान कामांना वाटायची. दिल्लीत खातं काढून, ऑडिट करून, दरवर्षी विवरणपत्र भरून स्वतः निधी आणणं लहान संस्थेला झेपत नाही. त्यामुळे दोन डबे भात घेऊन येणाऱ्या मंडळीकडे डॉलर असतील ही समजूत सोडा.

तिसरं, त्यांना ८० जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का ते विचारा. ते मिळायला संस्था एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांच्या भल्यासाठी असून चालत नाही, आणि धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. तुमच्या दुसऱ्या तटाला त्या एका कागदातच उत्तर मिळेल. बऱ्याच ठिकाणी चर्चचा ट्रस्ट वेगळा आणि सेवाकार्याचा वेगळा असतो, म्हणून चेक कुणाच्या नावाने निघतोय ते नीट बघा.

जुळे_सोलापूरकर

परवानगी होती. अर्ज काढून पाहिला, 'सामाजिक उपक्रम' लिहिलंय. हुश्श. @खतावणी, फार आभार.

सलाम_मंडळी

सलाम. मी त्या मंडळीची सभासद आहे. नाव न लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

पैसा कुठून येतो ते सांगते. रविवारची दानार्पणाची थैली, काही जणांचा दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) आणि वर्षातून एकदा हंगामाचा सण. ज्याच्या घरी जे असेल ते तो त्या दिवशी वेदीपुढे आणून ठेवतो. ज्वारी, वांगी, अंडी, लोणच्याची बरणी, घरी भाजलेला केक, कोंबडी. (कोंबडी दरवर्षी एकदा तरी सुटतेच. उपासना चालू असतानाच सुटते.) नंतर आवारात लिलाव. मागच्या सणाला विड्या वळून पोट भरणाऱ्या एका आजींनी कडक भाकरीची चवड आणली होती. बोली दहा रुपयांपासून. रेल्वेतल्या एका भावाने ती चारशेला घेतली आणि पुन्हा टेबलावर ठेवली, परत बोली लावा म्हणाला. दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. अशी ती चवड सोळाशेच्या वर गेली. भाकऱ्या शेवटी संडे स्कूलच्या पोरांनी पायरीवर बसून फोडल्या. सिव्हिलच्या तांदळाचे पैसे असे उभे राहतात.

आमच्यात सगळं आलबेल आहे असं समजू नका. मिशनच्या जुन्या जागा, ट्रस्टींचे गट, कोर्टकचेऱ्या, हे दुखणं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे, आम्हालाही त्याची झळ लागते. चर्चच्या पंचांच्या सभेत तासन् तास जागेवर बोलणं होतं आणि सिव्हिलचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो. तरुण पोरं पुण्याला जातात. मावशींचं वय झालंय आणि त्यांच्यानंतर वही कोण घेणार याला आज उत्तर नाही. खरं सांगू का, पैसे जमतात. आठवड्याची एक दुपार देणारा माणूस मिळत नाही.

आमच्यातले काही जण कुरकुरतात की आधी आपल्या माणसांना द्या. त्या कुरकुरीलाही कारण आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्या सवलती नाहीत. धर्म बदलला, घरची परिस्थिती तीच राहिली. तरीही मावशींनी वहीत धर्माचा रकाना घालू दिलेला नाही. यावर एकदा सभेत चांगलंच वाजलं होतं.

@सीना_काठ, तुमचं म्हणणं मी पंचांपुढे ठेवीन. माझंही मत तेच आहे. रविवारी नावं घेऊन प्रार्थना करायला वॉर्डात परवानगी कशाला मागायची? आमचे वडीलधारे म्हणतात, न विचारता केली तर ती लपवाछपवी. दोघंही आपापल्या जागी हटून बसलोय.

विडी_घरकुल

@सलाम_मंडळी, माझ्या आईला संजय गांधी निराधारचे पैसे सुरू झाले ते तुमच्याकडच्या एका बाईंमुळे. सेतूत सोबत येऊन फॉर्म भरून दिला. बाकी काही नाही, एवढंच लिहायला लॉगिन केलं.

सुई_दोरा

आरोग्य खात्यातली आहे, म्हणून एक वेगळा मार्ग सुचवते. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी 'निक्षय मित्र' योजना आहे. व्यक्ती, मंडळ, कंपनी कुणीही नोंदणी करून रुग्णाला दरमहा पोषण आहाराची टोपली देऊ शकतं, किमान सहा महिने. सरकार रुग्णाच्या खात्यावर महिन्याला १००० रुपये टाकतं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी ५०० होते. नेहमीच्या क्षयरोगाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि लोक गोळ्या सोडतात, खरा घोळ तिथे होतो. दरमहा टोपली घेऊन कुणी घरी जात असेल तर गोळ्या चालू आहेत का हेही कळतं. बावीस हजारांत थोड्याच रुग्णांचे सहा महिने निघतील, पण पूर्ण निघतील. सुरुवात करून मध्येच सोडू नका. त्यापेक्षा सुरूच करू नका.

बाळीवेस

पहिला विरोध माझाच होता. अजूनही सांगतो, बाप्पाच्या वर्गणीचा चेक चर्चच्या नावाने निघाला की कॉलनीत चार तोंडं चार बाजूंना बोलणार आणि पुढच्या वर्षी वर्गणीला फिरताना तुमच्याच पोरांना ऐकून घ्यावं लागणार. पण वस्तू द्यायला कोण अडवतंय? तांदूळ, डाळ, पांघरुणं द्या. पावती दुकानाची राहील, हिशोबही साफ.

काय_बे

बाळीवेस अण्णा वितळले की बे. 😀

जुळे_सोलापूरकर

काल बैठक झाली. ठरलं ते असं. साधारण अर्धे पैसे निक्षय मित्रमध्ये, मंडळाच्या नावाने, सहा महिने पुरतील एवढेच रुग्ण घेऊन. उरलेल्यांतून तांदूळ, तूरडाळ आणि पांघरुणं, सिव्हिलच्या कामाला, वस्तूरूपाने. चेकचा वाद काही मिटला नाही, तो तसाच सोडला. दोन घरांनी पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाही असं तोंडावर सांगितलं. दुसरीकडे लेझीम पथकातल्या चार पोरांनी आठवड्याची एकेक दुपार वाटून घेतली. त्यातल्या एकाचं आजोळ इंडीचं, कानडी चांगलं बोलतो. @सलाम_मंडळी, त्यांना कधी आणि कुणाकडे पाठवू?

यंत्रमाग

पांघरुणांचं माझ्यावर सोडा. पण सोलापुरी चादर नको, हे मीच सांगतो, आणि माझं घर चादरीवर चालतं. ती जाड, एकदा भिजली की उचलवत नाही, वाळायला दिवस जातो. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येणार, या लोकांनी ती धुवायची कुठे? पातळ सुती चादर आणि टॉवेल द्या. किनार चुकलेला, रंग कमी-जास्त लागलेला सेकंडचा माल माझ्याकडे आणि शेजारच्या दोन कारखान्यांत पडून असतो. मजुरीच्या भावात देतो. किती नग ते कळवा.

सलाम_मंडळी

मावशींना विचारलं. चादरी तीस पुरेत, टॉवेल त्याच्या दुप्पट द्या, लोक टॉवेलच मागतात. गडद रंगाचे असले तर बरं, डाग दिसत नाहीत. पोरांना सोमवारी साडेबाराला मेन गेटपाशी पाठवा. एकच्या आत या म्हणावं, नंतर आम्ही वॉर्डात असतो आणि फोन उचलत नाही.